इमारतीचं रूप कोण ठरवतं: गाव, मंत्रालय की दिल्ली? खान्देशातल्या शहरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लॅन पास करून घेताना कधी ना कधी प्रत्येकाच्या तोंडून निघतं, "गावाचं काही गावाच्या हातात राहिलं नाही भो." मग कोणी दिल्लीला शिव्या देतं, कोणी नगररचना विभागातल्या साहेबाला. धुळे, जळगाव, भुसावळ, नंदुरबार इथले घरमालक, छोटे बिल्डर आणि वाड्यांचे वारस नेहमी विचारतात ते प्रश्न खाली घेतले आहेत. उत्तरं कायद्याला धरून आहेत. मतं माझी आहेत आणि ती लपवलेली नाहीत.

माझ्या घराचा दर्शनी भाग कसा असावा, हे महापालिका ठरवते का?

नाही. साध्या प्लॉटवर ते कुणीच ठरवत नाही. नगररचना विभाग तुमच्या नकाशात चटई क्षेत्र (मजल्यांचं मिळून बांधकाम), सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), उंची, जिन्याची रुंदी, पार्किंग आणि अग्निसुरक्षा बघतो. एलिव्हेशन काढून द्यावं लागतं, पण त्यावरून मजले आणि उंची मोजतात. ते गल्लीला शोभतं की नाही हा विषय टेबलावर येतच नाही. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास खेळणाऱ्या जळगावात पश्चिमेकडे सबंध काचेची भिंत असलेलं व्यापारी संकुल नियमात चपखल बसू शकतं. त्या नकाशाला "ऊन कुठून येतं?" असं कुणी विचारत नाही. त्यामुळे अधिकार केंद्राकडे असावा की शहराकडे या वादात पडण्याआधी एवढं लक्षात ठेवा, की हा अधिकार आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वापरलाच जात नाही.

पण कायद्यानं हा विषय कुणाचा?

राज्याचा. घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्य सूचीत ५वी नोंद स्थानिक शासनाची आणि १८वी जमिनीची आहे. शहरातल्या खासगी घरांचं बांधकाम हा केंद्राच्या सूचीतला विषय नाही. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि तिनं बारावी अनुसूची आणली. तिच्यात नगरपालिकांसाठी १८ कामं आहेत. पहिलंच नगरनियोजन, दुसरं जमीनवापर आणि इमारत बांधकामाचं नियमन, आणि तेरावं सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देणं. म्हणजे शहर दिसायला कसं असावं हे शहराचंच काम असू शकतं, हे घटनेला मान्य आहे. फक्त अनुच्छेद २४३-डब्ल्यू हे अधिकार देणं राज्याच्या मर्जीवर सोडतो.

महाराष्ट्रानं कामं दिली आणि किल्ल्या स्वतःच्या कमरेला ठेवल्या. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ उघडा. कलम ४४ खाली तुम्ही अर्ज करता, ४५ खाली महापालिका परवानगी देते, इथवर सगळं स्थानिक आहे. पण विकास योजनेला अंतिम मंजुरी शासनाची, नियमावलीला मंजुरी शासनाची, अपील शासनाकडे. कलम १५४ खाली शासन जे निर्देश देईल ते नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे आपल्याकडे महापालिकेला, पाळावेच लागतात. कलम ३७ मधल्या पोटकलम (१कक) खाली तर सार्वजनिक हितासाठी तातडीचं वाटल्यास शासन स्वतःहून विकास योजनेत फेरबदल करू शकतं. दिल्लीवर रागावणाऱ्यांनी आधी हा अधिनियम वाचावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

युडीसीपीआर आल्यावर गावाचे नियम कुठे गेले?

२ डिसेंबर २०२० रोजी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली. बृहन्मुंबई, एमआयडीसीची क्षेत्रं आणि आणखी काही मोजकी ठिकाणं सोडली, तर सगळ्या राज्याला आता एकच पुस्तक आहे. फायदा खराच आहे. १५० चौ. मी. पर्यंतच्या प्लॉटवर नियमात बसणारा नकाशा आणि शुल्क भरल्याची पावती एवढ्यावर काम सुरू करता येतं. ३०० चौ. मी. पर्यंत दहा दिवसांत परवानगी मिळण्याची तरतूद आहे. ज्यानं पूर्वी एका सहीसाठी चपला झिजवल्यात, त्याच्यासमोर या नियमावलीची निंदा करून बघा.

तोटाही आहे. कोल्हापूरच्या पावसाला आणि भुसावळच्या उन्हाला एकच पुस्तक लागू झालं. गावठाणासाठी वेगळी अंतरं आहेत, पण ती राज्यभराच्या गावठाणांसाठी मिळून आहेत. धुळ्याच्या जुन्या पेठेतल्या ओट्यांच्या रांगेचा, लाकडी खांबांचा, सज्जांचा त्यात काही हिशेब नाही.

इथे धुळ्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. पेशवाई बुडाल्यावर खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जनं धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं. बऱ्हाणपूरकडचे व्यापारी बोलावले, घरं बांधायला जागा दिल्या, नवी वस्ती आखून वसवली. आजही जुन्या धुळ्यात पत्ता गल्लीच्या नंबरानं सांगतात. कुणीतरी आधी आखून मग वसवलेलं हे गाव आहे. त्याला आज आपल्याच एका गल्लीसाठी वेगळा नियम हवा असेल, तर प्रस्ताव मुंबईला पाठवावा लागतो.

मग केंद्राचा हात नक्की कुठे कुठे पोचतो?

ठरावीक ठिकाणीच, पण तिथे तो पक्का असतो.

केंद्र संरक्षित स्मारकांच्या भोवती तो सर्वांत जास्त जाणवतो, त्याबद्दल पुढे सविस्तर येईल. जळगाव विमानतळाच्या परिसरात इमारतीच्या उंचीसाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं ना हरकत प्रमाणपत्र लागू शकतं. उंचीचे रंगीत नकाशे त्यासाठीच असतात. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधायचं तर रेल्वेची ना हरकत मागतात. राष्ट्रीय महामार्गावर थेट दार काढायचं, म्हणजे पेट्रोलपंप, हॉटेल, मंगल कार्यालय, तर महामार्ग यंत्रणेची परवानगी लागते. सुरत-कोलकाता महामार्ग खान्देशातल्या बऱ्याच मोठ्या गावांना लागून किंवा गावांमधून जात असल्यानं हा प्रश्न आपल्याकडे फार येतो. भुसावळ आणि वरणगाव इथे आयुध निर्माणी आहेत. संरक्षण आस्थापनांच्या भोवती १९०३च्या कायद्याखाली बांधकामावर बंधनं घालता येतात.

या यादीत इमारत दिसते कशी याची काळजी फक्त पुरातत्त्वाच्या कायद्यात आहे. बाकी सगळे उंची, सुरक्षितता आणि वाहतूक बघतात.

आमचं जुनं घर चांगदेवच्या मंदिराजवळ आहे. पाडून नवं बांधता येईल का?

अंतर मोजा, कारण सगळं त्यावरच आहे. मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव मंदिर आणि साक्री तालुक्यातल्या बळसाण्याची मंदिरं ही केंद्र संरक्षित स्मारकं आहेत. १९५८च्या प्राचीन स्मारकं कायद्यात २०१० साली मोठी दुरुस्ती झाली. तेव्हापासून संरक्षित हद्दीपासून १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर हे नियंत्रित क्षेत्र. मोजणी मंदिराच्या भिंतीपासून नाही, संरक्षित हद्दीपासून करायची. इथेच बरेच जण फसतात.

पहिल्या १०० मीटरमध्ये नवीन बांधकाम होत नाही. ग्रामपंचायतीचा ठराव, तहसीलदाराचा दाखला, आमदारांचं पत्र, काहीही आणा. १६ जून १९९२ च्या आधीपासून उभं असलेलं घर असेल तर दुरुस्ती किंवा नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. पुढच्या २०० मीटरमध्ये बांधकाम आणि पुनर्बांधणी दोन्ही शक्य आहेत, पण परवानगी घेऊनच. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा. तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो आणि त्यांच्या शिफारशीवर निर्णय होतो. परवानगीशिवाय बांधलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हा नियम मला तत्त्वतः पटतो. यादवकाळातलं देऊळ गावानं मत देऊन जपायची गोष्ट नव्हे. त्यावर देशाचा हक्क आहे. पण सरसकट १०० मीटर ही पट्टी बोथट आहे. देवळाच्या पाठीमागे, कुठूनही न दिसणाऱ्या खोलीलाही तोच नियम आणि समोर उभ्या राहणाऱ्या चार मजल्यांनाही तोच. प्रत्येक स्मारकासाठी त्याच्या परिसराला साजेशा वेगळ्या वारसा उपविधी करायच्या, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. आपल्या गावच्या उपविधींचा मसुदा हरकतींसाठी निघाला तर तो वाचणं हे ग्रामपंचायतीचं पहिलं काम असायला हवं. लग्नपत्रिका वाचतो तितक्या काळजीनं तरी.

रेल्वे स्टेशनची नवी इमारत महापालिका नाकारू शकते का?

नाही. रेल्वे अधिनियम, १९८९ चं कलम ११ रेल्वेला इतर कायद्यांमध्ये काहीही असलं तरी आपल्या कामासाठी बांधकाम करू देतं. अमृत भारत योजनेतून नूतनीकरण झालेल्या १०३ स्थानकांचं उद्घाटन २२ मे २०२५ रोजी झालं. त्यात आपली धुळे आणि सावदा ही स्थानकं होती. दर्शनी भाग कसा असावा हे रेल्वेनं ठरवलं. गावानं फार तर फोटो काढले.

पोस्ट, आयकर, बीएसएनएल यांची कार्यालयंही तशीच मोकळी आहेत का?

इथे लोकांचा समज चुकतो. रूळ, सिग्नल, धावपट्टी अशी प्रत्यक्ष सेवेची कामं नियंत्रणाबाहेर असतात. पण सरकारी खात्याच्या इतर इमारतींना १९६६च्या अधिनियमाचं कलम ५८ लागतं. त्यात "कोणतंही शासन" आलं, म्हणजे केंद्रही आलं. बांधकामाच्या किमान ३० दिवस आधी त्या खात्याच्या अधिकाऱ्यानं नकाशांसह महापालिकेला लेखी कळवायचं. विकास योजनेशी किंवा नियमांशी जुळत नसेल तर महापालिका हरकत घेऊ शकते. मग खात्यानं नकाशा बदलायचा किंवा हरकतीसकट प्रकरण राज्य शासनाकडे न्यायचं, आणि निर्णय राज्याचा. रेल्वे कॉलनीतल्या नव्या निवासी इमारती, दवाखाना, शाळा, क्लब ही "प्रत्यक्ष सेवेची कामं" धरली जात नाहीत, हे भुसावळकरांनी लक्षात ठेवावं.

एवढा अधिकार हातात असून कुठल्या नगरपालिकेनं आमसभेत तो विषय घेतला तर माझ्यासाठी ती बातमी ठरेल.

राष्ट्रीय इमारत संहिता आमच्यावर बंधनकारक आहे का?

भारतीय मानक ब्युरोची २०१६ ची संहिता स्वतःहून नाही. राज्याच्या नियमावलीत तिचा जेवढा उल्लेख आहे तेवढी ती लागू होते. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श इमारत उपविधीही राज्यांना दिलेला सल्लाच आहेत.

सल्लाच आहे, तर राज्यं तो का ऐकतात?

कारण त्याच्यामागे पैसा असतो. शहरांसाठीच्या अमृत योजनेच्या (स्थानकांची ती वेगळी) निधीला सुधारणांची यादी जोडलेली होती, आणि इमारत उपविधींचा आढावा हा त्यातला एक मुद्दा होता. ऑनलाइन परवानगीचा आग्रहही तसाच, व्यवसाय सुलभतेच्या गुणांकनातून आला. प्रधानमंत्री आवास योजनेचं घर बांधताना क्षेत्रफळाची मर्यादा दिल्लीची असते. घटनेनं केंद्राला जिथे दार ठेवलं नाही तिथे अनुदानाची खिडकी आहे. यात बेकायदा काही नाही, पण आमच्या नगरसेवकांनी निधी आणल्याचे फलक लावताना त्यासोबत आलेल्या अटींचाही एक फलक लावला तर बरं होईल.

उन्हाच्या बाबतीत मात्र केंद्राचा एक नियम मला मनापासून हवासा वाटतो. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभार असलेल्या व्यापारी इमारतींसाठी आहे; भिंत, छप्पर आणि काच किती उष्णता आत घेतात ते ती बघते. स्थानिक हवामानाप्रमाणे बदल करायची मुभा राज्याला आहे. काचेच्या संकुलांना खान्देशात कुणी प्रश्न विचारणार असेल तर तो या वाटेनं.

"मन्हा घरना रंग कोन ठरावस?"

तुम्ही. घरातले ऐकतील तोवर.

दिल्लीत तर इमारतीचं रूप तपासणारा वेगळा आयोग आहे म्हणतात?

आहे. संसदेच्या १९७३ च्या कायद्यानं दिल्ली नगर कला आयोग नेमला गेला आणि मोठ्या इमारतींचं रूप, परिसराशी नातं हे तो बघतो. दिल्लीची जमीन आणि नियोजन मोठ्या प्रमाणात केंद्राकडे असल्यामुळे हे तिथे चालतं. सेंट्रल व्हिस्टाच्या, म्हणजे नव्या संसद भवनाच्या आणि परिसराच्या प्रकल्पाच्या, खटल्यात याची कसोटी लागली. ५ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं प्रकल्पाला मान्यता दिली. वारसा संवर्धन समितीची मंजुरी मात्र घ्यायला सांगितलं. न्या. संजीव खन्ना यांचं अल्पमताचं निकालपत्र लोकांना पुरेशी माहिती देण्यावर आणि त्यांचं म्हणणं ऐकण्यावर भर देतं. आपल्या शहरातल्या कार्यकर्त्यांनी निदान ते वाचावं. आयोग केंद्राचा, प्रकल्पही केंद्राचा, अशा वेळी तपासणीला किती धार राहते, हा प्रश्न त्या निकालानंतरही उरतो.

अमेरिकेत तरी हे शहराच्या हातात असतं का?

बहुतेक शहरांत असतं. नकाशा तपासायला स्थानिक मंडळं असतात आणि त्यांच्या बैठकांना शेजारीपाजारी येऊन भांडतात. राजधानी वॉशिंग्टन मात्र वेगळी. तिथे १९१० पासून ललित कला आयोग आहे. १९३० च्या एका कायद्यानं सरकारी वास्तूंसमोरच्या खासगी इमारतीही त्याच्याकडे गेल्या, आणि १९५० च्या कायद्यानं वॉशिंग्टनमधल्याच जॉर्जटाऊन या जुन्या वस्तीतली बाहेरून दिसणारी बांधकामं. १९७३ मध्ये शहराला स्वतःचा महापौर आणि परिषद निवडायचा हक्क मिळाला, पण हा आयोग केंद्राचाच राहिला. जॉर्जटाऊनमधल्या माणसाला खिडकी बदलायची तर शहराचा परवाना हवा आणि त्याआधी केंद्रीय आयोगाचं मतही.

देशभरातल्या केंद्रीय इमारतींचं तिथे वेगळंच आहे. स्थानिक नियमांचा विचार त्यांनी करायचा असतो, पण ते त्यांच्यावर बंधनकारक नसतात. १९६२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सरकारनं अधिकृत शैली लादू नये असं म्हटलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं अभिजात, म्हणजे ग्रीक-रोमन खांबांच्या, शैलीला पसंती दिली. सरकार बदलतं तशी खांबांची फॅशन बदलते. मला यात आपल्यासाठी इशारा दिसतो: रूप ठरवायचा अधिकार जितका वर, तितका तो एका माणसाच्या आवडीनिवडीवर जातो.

मग धुळ्याला किंवा जळगावला स्वतःहून काही करता येतं का?

येतं, आणि हेच सर्वांत कमी वापरलं जातं.

पहिली वाट वारसा यादीची. जुन्या इमारती, वाडे, पेठा, घाट यांची यादी नियोजन प्राधिकरण करू शकतं. श्रेणी तीन. पहिल्या श्रेणीत जवळपास हात लावायचा नाही, दुसरीत जपून, तिसरीत बाह्यरूप आणि परिसराचा तोल सांभाळून बदल. यादी प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. त्यानंतर अशा इमारतीच्या कामाला वारसा समितीचा सल्ला घेऊन आयुक्त परवानगी देतात. एवढं झालं की रूपाची खरी तपासणी स्थानिक पातळीवर सुरू होते आणि तिला दिल्ली लागत नाही.

वाड्याच्या मालकाला या यादीची धास्ती असते, आणि ती रास्त आहे. आठ हिस्सेदार, गळकं माळवद, पाडून कॉम्प्लेक्स बांधायची ऑफर खिशात. अशा माणसाला "वारसा जपा" हे ऐकवणं सोपं आहे. त्याला नुकसानीपोटी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरायला विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळायची वाट नियमांत आहे. पण टीडीआर विकायला बाजार लागतो, आणि जिथे बिल्डरला जादा चटई क्षेत्राची भूक पुण्याइतकी नाही तिथे तो कागद पडून राहतो. म्हणून खान्देशातल्या शहरांनी मालमत्ता करात सवलत आणि सुतार-गवंड्यांच्या दुरुस्ती खर्चात वाटा, असा साधा रोकडा विचार करावा. पैसे न देता केलेली वारसा यादी म्हणजे मालकाला शिक्षा.

दुसरी वाट नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ ची. एखाद्या रस्त्यासाठी ओट्याची रेषा, उंचीची मर्यादा, दुकानांच्या पाट्यांची जागा असा फेरबदल महापालिका प्रस्तावित करू शकते. नोटिशीनंतर एक महिना हरकती, मग प्रस्ताव शासनाकडे. वेळ लागतो. पण धुळे आणि जळगाव या दोन्ही महापालिकांची मुदत २०२३ मध्ये संपली आणि पुढे बराच काळ प्रशासक होते. अशा काळात ठराव मांडायला सभागृहच नसतं, हेही सांगायला हवं. स्थानिक अधिकार म्हणजे स्थानिक अधिकारी नव्हे.

तिसरी वाट सगळ्यांत स्वस्त. महापालिकेनं स्वतःच्या इमारती नीट बांधाव्यात. जळगावची सतरा मजली महापालिका गावात कुठूनही दिसते. शाळा, दवाखाने, भाजी मंडया यांचे नकाशे बांधण्याआधी आठवडाभर चौकात लावायला कुणाचीही परवानगी लागत नाही.

परवानगी नाकारली तर कुठे जायचं?

त्याच अधिनियमाच्या कलम ४७ खाली शासनाकडे अपील, ४० दिवसांत. साठ दिवसांत उत्तरच आलं नाही तर कलम ४५(५) खाली परवानगी मिळाली असं मानतात, पण नकाशा सगळ्या नियमांत बसत असेल तरच. तसा नसताना बांधलं तर ते अनधिकृतच. स्मारकाजवळच्या नकाराला मात्र हे अपील चालत नाही, ती वाट वेगळ्या कायद्याची.

विकास योजनेवर किंवा फेरबदलावर हरकत कशी नोंदवायची?

मराठीत, साध्या कागदावर चालते. प्रारूप विकास योजनेसाठी नोटिशीपासून ३० दिवस मिळतात. नोटिशीचा क्रमांक आणि तारीख, सिटी सर्व्हे किंवा गट नंबर, नेमकी कोणती तरतूद खटकते, आणि तिच्या जागी काय हवं, एवढं लिहा. "शहराचं सौंदर्य बिघडेल" असं मोघम लिहिलं तर सुनावणीत दोन मिनिटांत बाजूला पडतं. "गल्लीची रुंदी इतकी, समोरच्या ओळीची उंची इतकी, नवी इमारत तिच्या दुप्पट" असं मोजमाप आणि फोटो जोडले तर त्यावर लेखी उत्तर द्यावं लागतं. वीस जणांच्या सह्यांचा एक अर्ज करण्यापेक्षा वीस वेगळे अर्ज करा, प्रत्येकावर आवक शिक्का घ्या आणि सुनावणीच्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून हजर राहा.